घरच्या कम्प्युटरवर रॅन्समवेअर आलं तर: कसं ओळखायचं आणि पहिल्या तासात काय करायचं

मागच्या लग्नसराईत अकोल्याहून मामांचा फोन आला. मामा लग्नाच्या फोटो-व्हिडिओच्या ऑर्डरी घेतात आणि अल्बमचं काम घरच्या कम्प्युटरवरच करतात. "पाह्य ना बाबू, एकही फोटो उघडून नाही राह्यला. सगळ्याच्या मागं काहीतरी वेगळंच नाव लागलं." मी पुण्यात, ऑफिसमध्ये. म्हटलं, स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका. फोटो आला आणि पोटात गोळाच आला. प्रत्येक फाइलच्या नावात डॉट जेपीजीच्या पुढे आणखी चार अक्षरांचं एक अर्थहीन एक्स्टेन्शन, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये "रीडमी" नावाची एक टेक्स्ट फाइल. तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं: काळजी करू नका, तुमच्या सगळ्या फाइली परत मिळतील, ९८० डॉलर द्या; ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, म्हणजे ४९०.

४९० डॉलर म्हणजे चाळीस हजारांच्या वर रुपये. त्या कम्प्युटरवर मूर्तिजापूरच्या एका लग्नाचा अर्धवट अल्बम होता आणि वारलेल्या आजीचे दहा-बारा वर्षांचे फोटो होते. त्यामुळे मामा पैसे द्यायलाही तयार होते.

त्या दोन दिवसांत आम्ही काय केलं, काय चुकलं आणि काय वाचलं, ते इथे सविस्तर लिहितोय. अमरावती-अकोल्याकडच्या घराघरांत अजून असेच असेम्बल केलेले कम्प्युटर आहेत. पोरगं पुण्यात किंवा नागपुरात शिकतं, घरी आई-बाबा किंवा लहान भाऊ कम्प्युटर वापरतात, आणि काही झालं की फोन तुम्हालाच येतो.

हे नेमकं करतं काय?

रॅन्समवेअर म्हणजे खंडणी मागणारा प्रोग्रॅम. तो तुमच्या फाइली पळवून नेतोच असं नाही. त्या जागेवरच ठेवून एन्क्रिप्ट करतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाहीत अशा करून टाकतो. किल्ली त्या टोळीच्या सर्व्हरवर असते आणि तिच्यासाठी पैसे मागितले जातात, बहुतेक वेळा बिटकॉइनमध्ये.

कल्पना जुनी आहे. १९८९ मध्ये एड्सविषयीची माहिती म्हणून पोस्टाने फ्लॉपी पाठवल्या गेल्या होत्या आणि त्या वापरणाऱ्यांकडे पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर मागितले होते. तेव्हाची कुलपं कच्ची होती. आताच्या प्रोग्रॅममध्ये बँका वापरतात तसलंच गणित असतं. त्यामुळे "माझ्या ओळखीचा एक जण हॅकर आहे, तो काढून देईल" हे डोक्यातून काढून टाका. किल्ली नसेल तर नीट केलेलं एन्क्रिप्शन कोणाच्या बापालाही उघडत नाही.

रॅन्समवेअरच्या बातम्या आपण ऐकतो त्या बहुतेक मोठ्या ऑफिसांच्या. मे २०१६ मध्ये मंत्रालयातल्या सुमारे दीडशे कम्प्युटरना "लॉकी" लागला होता. १२ मे २०१७ ला "वॉनाक्राय" जगभर पसरला. त्याला तर कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती, विंडोजमधल्या एका भोकातून तो नेटवर्कवरून आपोआप शिरायचा. गंमत म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट बंद करून ठेवले होते ते सापडले. त्याच वर्षी २७ जूनला "पेट्या" नावाने आलेल्या हल्ल्यात जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

घरच्या कम्प्युटरवर मात्र गेली काही वर्षं सगळ्यात जास्त सापडलेलं कुटुंब वेगळं आहे: "स्टॉप" किंवा "डीजेव्हीयू". ९८० आणि ४९० डॉलर, ७२ तास, रीडमी फाइल आणि तीन-चार अक्षरांचं एक्स्टेन्शन ही त्याचीच खूण. मामांकडे आलेला पाहुणा हाच. हा मोठ्या कंपन्यांच्या मागे लागत नाही. हा वाट पाहतो ती फुकटात सॉफ्टवेअर शोधणाऱ्यांची.

आला कुठून?

मामांना विचारलं, दोन-तीन दिवसांत काही नवीन टाकलं का? आधी "नाही बा" असं उत्तर आलं. मग हळूच कळलं की मदतीला येणाऱ्या पोराने अल्बम डिझाइनचं एक महागडं सॉफ्टवेअर "फुल व्हर्जन" म्हणून कुठल्यातरी साइटवरून उतरवलं होतं. सोबत क्रॅक होता. पोराची चूक अशी की साइटवर लिहिलेलं त्याने तंतोतंत पाळलं: "इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा." आपल्याच हाताने दार उघडून दिलं.

हे फक्त मामांचं नाही. आपल्याकडे कम्प्युटर घेताना दुकानदार विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, टॅली सगळं "टाकून" देतो आणि आपण त्याला सर्व्हिस समजतो. सिव्हिलचे विद्यार्थी ऑटोकॅडचा क्रॅक शोधतात, गेम खेळणारे मॉड आणि चीट शोधतात, आणि विंडोज ॲक्टिव्हेट करणारं छोटंसं टूल तर हॉस्टेलच्या प्रत्येक पेनड्राइव्हमध्ये असतं. मीही इंजिनीअरिंगला असताना हेच केलंय, म्हणून शहाणपणा शिकवत नाही. फक्त सांगतो की डीजेव्हीयू पसरवणाऱ्यांनी नेमकी हीच सवय हेरली. क्रॅक चालवताना अँटिव्हायरस ओरडणार हे आपण गृहीतच धरतो. खरा धोका आला तरी तो तसाच ओरडतो आणि आपण "इग्नोर" दाबतो.

दुसरी वाट ईमेलची: कुरिअरचं बिल, बायोडेटा, नोटीस अशा नावाची झिप फाइल. विंडोज मुळात एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, त्यामुळे "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" ही फाइल आपल्याला फक्त "बिल डॉट पीडीएफ" दिसते. फाइल एक्सप्लोररच्या "व्ह्यू"मध्ये जाऊन "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करा. घरच्या कम्प्युटरवर आजच करून टाका, अर्धं मिनिट लागतं.

हे रॅन्समवेअरच आहे का, की दुसरंच काही?

घाबरण्याआधी हे तपासा, कारण मला येणाऱ्या अशा फोनपैकी बरेचसे रॅन्समवेअरचे नसतातच.

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलेला पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, तर तो आपला जुना शॉर्टकट व्हायरस. फाइली तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. "हिडन आयटम्स" आणि "प्रोटेक्टेड सिस्टीम फाइल्स" दाखवायचा पर्याय चालू केला की दिसतात. त्या शॉर्टकटवर तेवढं क्लिक करू नका.

ब्राउझरमध्ये अचानक पूर्ण स्क्रीनभर निळं-लाल पान आलं, भोंगा वाजतोय, "तुमचा कम्प्युटर लॉक झाला, या नंबरवर फोन करा", तर ती निव्वळ फसवणूक आहे. फाइलींना काहीही झालेलं नसतं. टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करा, विषय संपला. त्या नंबरवर फोन केलात तर मात्र ते स्क्रीन शेअर करायला लावतील आणि खरं नुकसान तिथून सुरू होईल.

मोबाइलवर आरटीओ चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून येणारी एपीके फाइल हाही वेगळा प्रकार. ती बहुतेक वेळा फाइली लॉक करत नाही, तुमचे एसएमएस आणि ओटीपी वाचते. तिथे घाई बँकेला फोन करून खातं वाचवण्याची असते.

आता खऱ्या रॅन्समवेअरच्या खुणा. फाइलींची नावं किंवा एक्स्टेन्शन बदललेली. सगळे आयकॉन पांढऱ्या कोऱ्या कागदासारखे. फाइलचं नाव पुन्हा डॉट जेपीजी केलं तरी फोटो उघडत नाही. फोल्डरागणिक एकच चिठ्ठी. आणि कधीकधी हे सगळं व्हायच्या आधी कम्प्युटर विनाकारण मंद होतो, हार्डडिस्कचा दिवा सारखा लुकलुकत राहतो. डीजेव्हीयू या वेळात विंडोज अपडेट चालू असल्याची खोटी खिडकी दाखवतो. म्हणजे आपण "अपडेट चाललंय, बंद नको करू" म्हणून शांतपणे बसून राहतो आणि तोवर तो आपलं काम उरकतो. मामांनीही तेच केलं होतं. चहा प्यायला गेले.

पहिली दहा मिनिटं

सगळ्यात आधी इंटरनेट तोडा. लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू असेल तर तो बंद करा. मग पेनड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्डडिस्क, कार्ड रीडर, मोबाइल, जे काही यूएसबीला लावलंय ते उपटा. "सेफली रिमूव्ह"ची वाट पाहू नका. जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर हा प्रोग्रॅम जातो.

मामांची बॅकअपची हार्डडिस्क त्या वेळी कम्प्युटरला जोडलेलीच होती. कायमच जोडलेली असायची. बॅकअपही गेला.

यानंतरचा प्रश्न: कम्प्युटर बंद करायचा की नाही? फाइली अजून तुमच्या डोळ्यांसमोर बदलत असतील तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि बंदच करा, उरलेल्या तरी वाचतील. पण सगळं होऊन गेलं असेल तर उगाच पुन्हापुन्हा बंद-चालू करू नका. काही जुन्या प्रकारांत किल्लीचे अवशेष मेमरीत सापडले होते, वॉनाक्रायच्या वेळी काही मशीनच्या फाइली अशाच परत मिळाल्या. शक्यता कमी आहे, पण रीस्टार्ट करून मिळणारही काही नसतं.

तिसरं काम मोबाइलने चिठ्ठीचा आणि बदललेल्या फाइलींचा स्पष्ट फोटो काढा. चिठ्ठीतला "पर्सनल आयडी" पूर्ण दिसला पाहिजे, त्याचा उपयोग खाली सांगतो. चिठ्ठी डिलीट करू नका. एन्क्रिप्ट झालेल्या फाइली तर अजिबात नाही.

आणि ओळखीच्या दुकानात नेऊन लगेच फॉरमॅट मारू नका. आपल्याकडे कम्प्युटरच्या कुठल्याही आजारावर फॉरमॅट हा एकच काढा दिला जातो. फॉरमॅटने व्हायरस जातो हे खरं, पण त्याच्यासोबत फाइली परत मिळण्याची उरलीसुरली शक्यताही जाते.

तोडून वेगळं करण्याला इतकं महत्त्व का, यासाठी एक आपल्याच राज्यातलं उदाहरण. २१ मार्च २०२१ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या सिस्टीमवर "सिनॅक" नावाचं रॅन्समवेअर आलं. मुंबईचं मुख्यालय आणि राज्यातली सोळा प्रादेशिक कार्यालयं यांचं काम अडकलं. प्रादेशिक कार्यालय अमरावतीतही आहे. पाचशे कोटी मागितल्याच्या बातम्या आल्या, महामंडळाने मात्र चिठ्ठीत रकमेचा उल्लेखच नसल्याचं सांगितलं. त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या होत्या: सगळ्या सिस्टीम ताबडतोब नेटवर्कवरून तोडल्या, आणि ॲप्लिकेशनचे बॅकअप नेटवर्कच्या वेगळ्या भागात होते म्हणून ते शाबूत राहिले. जुलै २०२४ मध्ये सी-एज या कंपनीवर हल्ला झाला तेव्हाही एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यातून बाजूला केलं. त्यामुळे देशातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांचे व्यवहार काही काळ थांबले, पण बाकीचं जाळं सुरू राहिलं. तुमच्या घरी एनपीसीआय नाही, पण लॅनची केबल आहे.

पासवर्ड मोबाइलवरून बदला

हा भाग बहुतेक जण विसरतात. डीजेव्हीयूसोबत अनेकदा आणखी एक चोर येतो, जो ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि लॉगिन गुपचूप उचलून नेतो. म्हणजे फाइली तुम्हाला दिसतात तशा अडकतात, आणि पासवर्ड न दिसता जातात.

म्हणून मोबाइल हातात घ्या (त्या कम्प्युटरवरून नको) आणि आधी जीमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्याची गुरुकिल्ली तीच. गूगल अकाउंटच्या "सिक्युरिटी"मध्ये जाऊन त्या कम्प्युटरला साइन आउट करा. व्हॉट्सॲपच्या "लिंक्ड डिव्हाइसेस"मधून तो काढून टाका. मग नेट बँकिंग, इन्स्टाग्राम, आणि परीक्षेचे-भरतीचे पोर्टल. टू-स्टेप व्हेरिफिकेशन नसेल तर त्याच बैठकीत चालू करा.

पुढची शोधाशोधही मोबाइलवरूनच करा. डीजेव्हीयू विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये बदल करून अँटिव्हायरस कंपन्यांच्या आणि मदतीच्या साइट उघडूच देत नाही. मामांना वाटत होतं नेटच गेलंय.

फाइली परत मिळतील का?

प्रामाणिक उत्तर: काही मिळतील, सगळ्या बहुधा नाही. पण प्रयत्न योग्य क्रमाने करा.

आधी ओळख पटवा. "आयडी रॅन्समवेअर" ही साइट आणि "नो मोअर रॅन्सम" या प्रकल्पाचं "क्रिप्टो शेरिफ" हे पान, दोन्हीकडे चिठ्ठी आणि एखादी बिघडलेली फाइल चढवली की कोणता प्रकार आहे ते कळतं. नो मोअर रॅन्सम हा नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. तिथली सगळी डिक्रिप्ट करणारी टूल फुकट आहेत. पुण्याच्या क्विक हील कंपनीचंही काही प्रकारांसाठी फुकट टूल आहे. चढवायला खाजगी फोटो किंवा आधारची फाइल निवडू नका, एखादं वॉलपेपर पुरे.

डीजेव्हीयूच्या बाबतीत एमसीसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये टूल काढलं, तेव्हाच्या १४८ उपप्रकारांसाठी. ऑगस्ट २०१९ नंतर मात्र टोळीने कुलूप बदललं आणि आता सगळं एका गोष्टीवर अवलंबून असतं. हल्ल्याच्या वेळी प्रोग्रॅमला आपल्या सर्व्हरशी बोलता आलं तर तुमच्या मशीनसाठी वेगळी किल्ली बनते. नाही आलं तर तो स्वतःच्या पोटात असलेली एकच "ऑफलाइन" किल्ली वापरतो, जी त्या उपप्रकाराच्या सगळ्या बळींना सारखीच असते. चिठ्ठीतल्या आयडीची शेवटची दोन अक्षरं "टी" आणि "१" असतील तर किल्ली ऑफलाइन. अशी किल्ली कुणाकडून तरी एमसीसॉफ्टला मिळाली की टूल सगळ्यांच्या फाइली उघडतं. म्हणजे त्या वेळी गावात नेट गेलेलं असेल तर ते तुमचं नशीब! मामांचा आयडी तसा नव्हता. फायबरचं कनेक्शन नेमकं त्या दिवशी झकास चालत होतं.

टूल शोधताना गूगलवर दिसेल ते उतरवू नका. २०२० मध्ये डीजेव्हीयूवरचा उपाय म्हणून एक टूल पसरलं होतं. प्रत्यक्षात ते "झोराब" नावाचं दुसरं रॅन्समवेअर होतं, आधीच लॉक झालेल्या फाइलींवर आणखी एक कुलूप घालणारं.

किल्ली मिळाली नाही तरी मार्ग संपत नाहीत. आमचं जे काही वाचलं ते या आडवाटांनीच.

डीजेव्हीयू घाईत असतो, म्हणून प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा साधारण १५० केबी भाग एन्क्रिप्ट करतो. छोट्या वर्ड फाइलसाठी हे म्हणजे सगळंच गेलं. पण दोन जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओत १५० केबी म्हणजे काहीच नाही. व्हिडिओ दुरुस्त करणाऱ्या टूलला त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली क्लिप नमुना म्हणून दिली की बिघडलेली बरीचशी क्लिप परत उभी राहते. मूर्तिजापूरच्या लग्नाचे जवळजवळ सगळे व्हिडिओ असे मिळाले. मोठ्या झिप फाइलमधूनही आतल्या बऱ्याच फाइली काढता येतात.

मग कॅमेऱ्याची मेमरी कार्डं. कार्ड रिकामं दिसत असलं तरी त्यावर नवीन फोटो काढले नसतील तर जुने अजून आत असतात. "फोटोरेक" हे फुकट टूल दुसऱ्या स्वच्छ कम्प्युटरवर चालवून आम्ही दोन कार्डांतून कितीतरी फोटो काढले. तिसरं कार्ड त्याच आठवड्यात बारशाला वापरलं गेलं होतं. ते गेलं.

आणि शेवटी नातेवाइकांचे मोबाइल. आजीच्या फोटोंसाठी मी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला. परतवाड्याच्या मावशीच्या गूगल फोटोजमध्ये, चुलतभावाच्या जुन्या फोनमध्ये, कुणाच्या फेसबुकवर असे ऐंशीएक फोटो जमले. व्हॉट्सॲपवरून आलेले थोडे धूसर, पण आजी दिसते.

ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं फोल्डर कम्प्युटरशी सिंक होत असेल तर तिथेही बिघडलेल्या फाइली चढतात, म्हणून सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. पण गूगल ड्राइव्ह फाइलच्या जुन्या आवृत्त्या आणि ट्रॅशमधल्या फाइली साधारण ३० दिवस ठेवतं. मोबाइलवरून लगेच जाऊन पाहा, महिनाभराने आठवून उपयोग नाही.

पैसे द्यायचे का?

माझं मत: नाही. पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार? मिळालीच तरी पासवर्ड चोरणारा चोर आत तसाच. मामांना हे पटायला एक रात्र लागली, आणि त्यांना मी दोष देत नाही. आजीचे फोटो पणाला लागल्यावर तत्त्वं सांगणं सोपं नसतं.

एक इशारा मात्र नक्की. "शंभर टक्के डेटा रिकव्हरी" म्हणणाऱ्यांपैकी काही जण गुपचूप टोळीलाच पैसे देतात आणि वर आपलं कमिशन लावतात. अमेरिकेतल्या असल्या कंपन्यांचा हा धंदा प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने २०१९ मध्ये उघड केला होता. कुणी रॅन्समवेअरमधून डेटा काढून देतो म्हणाला तर "नेमका कसा?" एवढंच विचारा.

तक्रार

सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर मोबाइलवरूनच तक्रार करता येते. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन. प्रत्यक्ष जायचं तर अमरावती शहरात पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीणसाठी आणि अकोल्यात जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या सायबर शाखेकडे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली हा गुन्हा आहे. चिठ्ठीचा फोटो, तारीख-वेळ, आणि क्रॅक कुठून उतरवला ती साइट, एवढं सोबत ठेवा. क्रॅकचं सांगायला लाज वाटते म्हणून लोक तक्रारच करत नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेचा टोल फ्री नंबर १८००-११-४९४९ आहे. तक्रारीने तुमच्या फाइली उद्या परत येतील असं नाही. पण परदेशात टोळी पकडली जाते आणि किल्ल्या बाहेर येतात, तेव्हा त्यामागे अशाच नोंदी असतात.

पुन्हा उभं करताना

बिघडलेली हार्डडिस्क काढून बाजूला ठेवली आणि नवीन एसएसडी टाकून त्यावर स्वच्छ विंडोज घातलं. नवीन डिस्क घ्यायची नसेल तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून कम्प्युटर चालू करा, बिघडलेल्या फाइली चिठ्ठीसकट दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, आणि मग फॉरमॅट करा.

विंडोज सिक्युरिटीमध्ये "रॅन्समवेअर प्रोटेक्शन" खाली "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" असतं. ते मुळात बंद असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट आणि पिक्चर फोल्डरला हात लावता येत नाही. सुरुवातीला एखादं चांगलं सॉफ्टवेअरही अडवतं, त्याला परवानगी द्यावी लागते. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेव्हा मशीन झेपत असेल तर ११ घ्या. क्रॅकला पर्याय आहेत: ऑफिसऐवजी लिबरऑफिस, फोटोच्या कामाला गिम्प किंवा ब्राउझरमधलं फोटोपी, आणि ऑटोकॅड तर विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ओळखीवर अधिकृतपणे फुकट मिळतं.

बॅकअपचा नियम फोटोग्राफरांच्याच जगातून आलेला आहे. पीटर क्रॉग नावाच्या छायाचित्रकाराने तो रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. मामांकडे आता दोन हार्डडिस्क आहेत. दर रविवारी एक लावायची, कॉपी करायची, काढून कपाटात ठेवायची. दुसरी आत्याकडे, बडनेऱ्याला. आत्याला त्यात काय आहे ते माहीत नाही, ती फक्त देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवते.

जुनी बिघडलेली डिस्कही आम्ही फेकलेली नाही. मे २०१६ मध्ये "टेस्लाक्रिप्ट"च्या टोळीने धंदा बंद करताना मास्टर किल्ली स्वतःच देऊन टाकली होती. २०२० मध्ये "शेड"वाल्यांनी साडेसात लाख किल्ल्या जाहीर केल्या. डीजेव्हीयूचंही कधीतरी तसं होऊ शकतं. मामांनी डिस्कवर तारीख आणि तो लांबलचक आयडी लिहून चिठ्ठी चिकटवली आहे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी मला विचारतात, "किल्ली आली का रे बाबू?" मी एमसीसॉफ्टचं पान उघडून पाहतो. अजून नाही आली.